पाचवं कार्ड

गुरुवारी सहा वाजता, पोस्टाच्या वरच्या खोलीत
चपला दाराशी काढून बसलेले सात जण.
सगळे सत्तरीपुढचे. स्टोव्हवर किटली.
फळ्यावर मी लिहिलं :
विनाचालक गाडी आपल्या गावात यावी का?
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं, प्रश्नचिन्हासकट,
आणि माना डोलावल्या,
जणू प्रश्नालाच होकार.

या गावात तोंडावर कुणी नाही म्हणत नाही.
'जरा कठीण आहे' म्हणतात
आणि दातांच्या फटीतून श्वास आत ओढतात.
तीन महिने मी त्यांच्याकडून एकच वाक्य काढू पाहतेय :
आय डोन्ट अग्री.
म्हणून कार्डं केली.
कार्ड हातात असलं की भांडण आपलं राहत नाही,
कार्डाचं होतं.

चिझुको-सान इंजिनिअर झाल्या, चष्मा पुसून.
टोफूवाले इवाकिरी झाले टॅक्सीवाले,
मूठ आपटून ओरडले, माझी तीन मुलं उपाशी मरतील!
(त्यांना मूलबाळ नाही.
ते वाक्य माझ्या वडिलांचं. इलोइलोत जीपनी चालवतात,
दर फोनवर तेच म्हणतात.)
सावाको-सान प्रवासी. हॉस्पिटलला निघालेल्या.
पाचवं कार्ड मी गंमत म्हणून टाकलं होतं : खुद्द गाडी.
ते त्यांच्या नवऱ्याने उचललं.

नोबोरू-सान, एक्याऐंशी.
एप्रिलमध्ये चौकीत जाऊन त्यांनी लायसन्स परत केलं,
गाडी विकली, शेडमध्ये आता कांदे टांगलेत,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इंजिनिअर म्हणाली,
ही गाडी थकत नाही. झोपत नाही. दारू पीत नाही.
गाडी बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, मी थकलो होतो.

वर्तमानकाळ, नोबोरू-सान, मी म्हटलं,
गाडी थकत नाही.

नाही, ते म्हणाले. तोंडावर.
भूतकाळ.

आणि एकेक शब्द वहीतून वेचावा तसा वेचत :
पुलाजवळ. नोव्हेंबर. रस्त्यावर पिवळं काहीतरी.
मला वाटलं, मोठं लिंबू
(पपनसाचा इंग्रजी शब्द त्यांना येत नव्हता).
फळ आहे, जाऊ दे, वरून जाऊ दे.
ते फळ नव्हतं. टोपी होती.
शाळेची. टोपीखाली मूल.
मी थांबलो. उशिरा थांबलो. मूल ठीक आहे.
आहे की होतं?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मला उत्तर येत नव्हतं.

किटलीचं झाकण थडथडत राहिलं.
टॅक्सीवाल्याची मूठ टेबलावर तशीच होती,
तीन मुलं विसरलेली.

सावाको-सान कार्ड उलटंसुलटं करत होत्या.
वर्षभर त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या
की मीच मागे लागले, म्हणून सोडली गाडी यांनी.
त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, पालथं,
आणि पाठ ताठ करून म्हणाल्या :
गाडीने हे प्रवाशाला आधी सांगायला हवं होतं.

इंग्रजीत. शुड हॅव टोल्ड.
ते रूप मी अजून शिकवलंच नव्हतं.

मतदान राहून गेलं.
इवाकिरींनी किटली उतरवली,
चहाबरोबर तळलेला टोफू दिला, नेहमीसारखा.
जाताना सातही जणांनी फळा पुसायला मदत केली,
म्हणजे एका वेळी एक फडका, सात हात.

सात चाळीसची शेवटची बस. त्याच बसने मीही जाते.
ड्रायव्हरचे पांढरे हातमोजे, आरशात टोपी.
नोबोरू-सान पुढच्या सीटवर, त्या शेजारी.
दोघंही खिडकीतून एकाच बाजूला बघणारे.
पुलाआधीच्या वळणावर
त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला,
ब्रेक असता तिथे.
सावाको-सान काही बोलल्या नाहीत.
मांडीवरची पिशवी त्यांच्या मांडीवर सरकवली, जड होती,
आणि पूल गेला.